डावं हँडल

कायतान दाराचं अस्तर उतरवतो तेव्हा
आधी प्लास्टिकचा कागद निघतो, मग गंज,
मग अस्नोड्याच्या पंपाची पावती, तारीख पुसलेली,
आणि तळाला, पाणी जायच्या भोकात अडकलेला
माझ्या कानातला मोती.
याच्यासाठी पुतणीच्या लग्नात
मी अख्खा मांडव झाडून काढला होता.
जोडीतला दुसरा केव्हाच देऊन टाकलाय.

"बाई, लोक हाताचीं काडून करंटाचीं घालतात.
तुमी उरफाटें कितें?"
मोटर जळली आहे ना, मी म्हटलं.
"नवी मेळटा."
मेळूं दी.

चार मोटरी, चारही एका बोटाच्या हुकमातल्या.
उजव्या दारावर बटणांची पाटी
आणि पाटीच्या टोकाला एक चपटं बटण, काट मारलेल्या काचेचं.
ते दाबलं की बाकी तिन्ही दारं मुकी.
ह्यांनी ते गाडी घरी आली त्या दिवशी दाबलं,
पोरं हात बाहेर काढतील म्हणून.
पोरं पुण्याला गेली, तिथून शारजाला.
बटण तसंच.

वाईट नव्हते हो.
मये तळ्यापाशी दर वेळी विचारायचे, वारा हवा का,
आणि मी हो म्हणायच्या आत चार बोटं उघडून द्यायचे.
खाणीचा ट्रक माझ्याआधी त्यांना दिसायचा,
काच वर.
तेवीस वर्षं मला तांबडी धूळ लागली नाही.
वाळत घातलेल्या भिरंडांचा वासही नाही,
सुक्या बांगड्याचाही नाही. बांगड्याची तक्रार नाही म्हणा.

साठाव्या वर्षी लायसन काढलं.
खिडकीतल्या माणसाने फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
म्हणाला, आता?
शाळेत तीस वर्षं गणित शिकवलंय, उशिरा सुटलेली उदाहरणं मला नवी नाहीत.

उजवं हँडल म्हापशाच्या भंगारातून आलं,
ह्याच गाडीच्या गरीब भावंडाचं.
मागची दोन फोंड्याहून.
डावं मिळेना. अडीच आठवडे
गाडी कायतानच्या आंब्याखाली, दाराला पोतं बांधून.
शेवटी एका व्हॅनच्या उजव्या दाराचं आणलं त्याने,
कानस मारून दाते जुळवले,
अस्तराला पन्नास पैशांएवढं भोक पाडलं,
तारेची नाल टक्कन बसवली
आणि हात पुसत म्हणाला, "बरें जालें, पूण..."

पूण डावं उलटं फिरतं.
उघडायला जावं तर काच आणखी घट्ट मिटते.

उजवीला साडेचार फेरे लागतात, मोजलेत.
पहिले दोन हलके, तिसऱ्याला खांदा बोलतो.
आणि एकटी असले की डावी माझ्या हाताबाहेर.
पट्टा सोडून, गिअरवरून ओणवं व्हावं तेव्हा कुठे बोटं पोचतात.
परवा कारापूरच्या चढावर पाऊस आडवा आला,
मागे ट्रक, थांबायला जागा नाही.
शेजारची सीट भिजली.
भिजू दिली.

आज सारमानसच्या धक्क्यावर शेवंती भेटली,
अबोलीची पाटी घेऊन, माशेलच्या बाजाराला निघालेली.
बस म्हटलं.
फेरीबोट अजून पलीकडे टोंक्याला, आत भट्टी.
तिने काचेकडे पाहिलं. मला वाटलं, विचारेल.
तिने सरळ हँडल धरलं आणि फिरवलं.
हललं नाही. जोर लावला. तेही नाही.
माझ्याकडे वळून बघेल म्हणून मी
समोर नदीकडे बघत राहिले, हात गिअरवर.
जीभ दातांखाली धरून ठेवावी लागली.

"आयगे, हें पिशें," ती स्वतःशीच म्हणाली,
आणि उलटं फिरवलं.

काच धक्के खात उतरली.
डिझेलचा धूर आत आला, चिखल, खारं पाणी,
धक्क्यावर कुणीतरी कुणाला तरी घातलेली शिवी, पूर्ण, तळापर्यंत ऐकू आली.
शेवंतीने कोपर बाहेर टाकलं.